वळणावरचा गुलाल

आमच्या घरात आवाज न करता कुठलंच कार्य होत नाही. नवी स्कूटर आली तरी फटाके आणि बारसं असलं तरी बेंजो. मी पेणची. लग्न होऊन पनवेलला आले तेव्हा सुरुवातीला कानाला दडेच बसायचे. त्यामुळे माझा नवरा निकेश टीव्हीवर गाड्यांचा कार्यक्रम करायला लागला तेव्हा मला काडीचंही नवल वाटलं नाही. आरडाओरडा करायचं काम जगात कुठे निघालंच, तर ते आमच्या घरातल्या माणसाला मिळणारच होतं.

कार्यक्रमाचं नाव ‘घाटवळण’. दर भागात एक गाडी, एक घाट आणि निकेश. घाट चढायच्या आधी तो गाडीतून उतरायचा, पायातलं काढायचा आणि जवळपास एखादी देवळी, एखादा उभा दगड दिसला की तिथे नारळ फोडायचा. मूठभर गुलाल लावायचा, नाणं टाकायचा, चाकाखाली लिंबू ठेवायचा आणि मग गाडी अशी काढायचा की मागे नुसता धुरळा. इंजिनाबद्दल तो बरंच काही सांगायचा, पण लोकांना हे नारळाचंच आवडायचं. बाजारातल्या मावश्या त्याला नारळवाला म्हणूनच ओळखायच्या.

हे त्याने उचललं ते वडिलांकडून. माझे सासरे काशिराम न्हावा शेव्याहून पुण्याकडे कंटेनरचा ट्रेलर न्यायचे. बोरघाटात शिंग्रोबाच्या देवळासमोर ड्रायव्हर लोक नाणं टाकतात, तसं तेही टाकायचे. शाळेला सुट्टी लागली की निकेशला केबिनमध्ये बसवून न्यायचे आणि नाणं त्याच्या हातात द्यायचे. घाट आपला नसतो, घाटात त्याला विचारून शिरायचं, एवढंच ते सांगायचे. बाबा तसे फार बोलणारे नाहीत. या घरात तेवढे एकटेच.

परदेशातला भाग ठरला तेव्हा सासूबाईंनी, म्हणजे सुमतीआईंनी, नेहमीसारखा नारळ, लिंबं आणि गुलालाची पुडी काढून ठेवली. मी न्हावा शेवा बंदराजवळ द्रोणागिरीला एका क्लिअरिंग एजंटच्या ऑफिसात काम करते. बंदरातून माल सोडवायला कुठले कागद लागतात हेच दिवसभर बघते. नारळ असा दुसऱ्या देशात नेता येत नाही, असं मी आईंना सांगितलं. त्यांनी तो निकेशच्या जीन्सच्या पायात गुंडाळून बॅगेच्या तळाशी घातला. देवाच्या नारळाला कागद मागणारा देश असेलच कसा, असं त्यांचं म्हणणं पडलं.

त्या देशाचं नाव मी लिहीत नाही. तिथल्या वकीलबाईंनी तसं सांगितलंय. डोंगराळ देश आहे, द्राक्षं पिकवणारा, पाहुण्याला जेवल्याशिवाय सोडत नाहीत असा. निकेशने पहिल्या दिवशी फोन करून सांगितलं होतं की ही माणसं अगदी आपल्यासारखीच आहेत. घोडं तिथेच अडलं. त्याला तिथलं सगळंच आपल्यासारखं वाटायला लागलं.

एका खिंडीकडे चढणाऱ्या रस्त्यावर, अवघड वळणाच्या कडेला, एक काळा तुळतुळीत दगड उभा होता. त्यावर तरुण माणसाचा चेहरा कोरलेला. समोर छोटा बाक, बाकावर पेला, पेल्यात लाल पेय आणि शेजारी बशीत गोड पाव. आता पनवेलच्या माणसाला हे काय वाटेल, तुम्हीच सांगा. घाटातला देव आणि त्याच्यापुढचा नैवेद्य. निकेशने बूट काढले, डोकं टेकवलं, त्या चेहऱ्याच्या कपाळाला आणि गालांना गुलाल लावला, चेहऱ्याखाली दगडाच्या कडेवर नारळ फोडला, समोर नाणी टाकली आणि कॅमेऱ्याकडे वळून म्हणाला, की राखणदार सगळ्या घाटांत असतो, आपल्याला ओळखता आला पाहिजे. मग लिंबू चिरडून गाडी पळवली. वळणावर टायरांचे काळे पट्टे उठले. चॅनेलवाल्यांनी तेवढा तुकडा त्याच रात्री झलक म्हणून इंटरनेटवर टाकला.

तो देव नव्हता. त्या वळणावर भरधाव गाडीने एका मुलाला उडवलं होतं, त्याची ती खूण होती. त्या देशात अशी रीत आहे. रस्त्यात माणूस गेला की घरचे त्याच जागी दगड उभा करतात, येता-जाता तिथे थांबतात, त्याच्या नावाने घोटभर पितात. तो पेला त्या मुलाच्या आईने भरून ठेवलेला होता.

तिथल्या लोकांनी झलक बघितली तेव्हा त्यांना काय दिसलं असेल? परक्या माणसाने त्यांच्या मेलेल्या पोराच्या तोंडाला रक्त फासलं, त्याच्यावर काहीतरी आपटून फोडलं, त्याच्यापुढे चिल्लर फेकली आणि पोरगा ज्या वेगाने मेला त्याच वेगाने हसत निघून गेला. आम्ही मान द्यायला जे जे केलं ते तिथे अपमान म्हणूनच पोचलं. त्यात नारळ जरा जोरातच बसला होता. दगडावरच्या चेहऱ्याच्या हनुवटीचा टवका उडाला होता.

परतीच्या विमानात बाकी सगळे बसले, निकेशला मात्र विमानतळावरच थांबवलं. मुलाच्या आईने तक्रार केली होती आणि तक्रारीत माणूस एकच होता. मृताच्या स्मारकाची विटंबना, असा गुन्हा. शाबीत झाला तर काही वर्षांची कैद. पासपोर्ट कोर्टात जमा झाला. निकाल लागेपर्यंत त्याला त्या डोंगरातल्या गावातच एका खोलीत राहायचं होतं आणि पोलिसांकडे हजेरी द्यायची होती.

घरी ही बातमी आली आणि आमचं घर पहिल्यांदा गप्प झालं. मला वाटायचं, कधीतरी या घरात शांतता व्हावी. झाली तेव्हा ती सहन होईना. आई देवासमोर बसायच्या आणि हात जोडायचे की नाही अशा बघत राहायच्या. नारळ त्यांनीच दिला होता ना. बाबांनी टीव्ही बंद केला आणि त्याच्यावर पंचा टाकला.

मग अवधूत आले. हे निकेशच्या चॅनेलवरचे साहेब, पुण्याचे, बोलायला मऊ. माणूस वाईट नव्हता. तिथल्या वकीलबाई त्यांनीच लावून दिल्या होत्या आणि फोनही रोज करायचे. त्यांनी समजावून सांगितलं की सगळं प्रकरण हेतूवर आहे. अपमान करायचा हेतूच नव्हता, उलट ही आपल्याकडची मान द्यायची रीत आहे, हे दाखवता आलं की निकेश सुटेल. त्यासाठी एक फिल्म करायची. बाबांना बोरघाटात न्यायचं, शिंग्रोबापुढे नाणं टाकताना दाखवायचं, दोन शब्द बोलायला लावायचे. ती फिल्म तिथल्या कोर्टात जाईल आणि इकडे टीव्हीवरही दाखवता येईल. मला ते शंभर टक्के पटलं. समजावून सांगितलं की लोकांना समजतं, असं मला तेव्हा वाटायचं.

आईंनी एकच विचारलं, त्या मुलाचं नाव काय. अवधूत माझ्याकडे बघायला लागले आणि मी त्यांच्याकडे. कागद दोघांकडेही होते, पण त्यातलं निकेशचं नाव तेवढं आम्ही वाचलं होतं.

ठरल्या दिवशी सकाळी दोन गाड्या निघाल्या. पुढच्या गाडीत बाबा, मी आणि अवधूत, मागच्या गाडीत कॅमेरावाले. बाबांनी पांढरा सदरा घातला होता, खिशात नाणं होतं. पनवेल सोडून जुन्या पुणे रस्त्याला लागलो आणि पळस्पे फाटा आला. तिथली गर्दी काय सांगू, गोव्याकडे वळणाऱ्या बस, बंदरातून आलेले ट्रेलर, मध्येच घुसणाऱ्या रिक्षा. बाबांनी ड्रायव्हरला गाडी बाजूला घ्यायला सांगितली. अवधूत म्हणाले, घाट अजून लांब आहे. बाबा तोवर दार उघडून उतरले होते.

ते रस्त्याच्या कडेला जाऊन उभे राहिले. समोर दुभाजक, त्यावर धुळीने माखलेली कण्हेर आणि एक मोडका फलक. तिथे बघण्यासारखं काहीही नव्हतं. मागून कॅमेरावाला उतरला आणि सवयीने त्याने कॅमेरा चालू केला. बाबांनी त्याला अडवलं नाही. मी जवळ गेले तेव्हा ते माझ्याशीच बोलायला लागले.

“हितं गनू गेला.”

गणू म्हणजे बाबांचा धाकटा भाऊ. घरात त्याचा हार घातलेला फोटो आहे. मिसरूड फुटलेली, केस तेल लावून मागे वळवलेले. तो बाबांच्या ट्रेलरवर क्लीनर होता आणि निकेशच्या जन्माआधी अपघातात गेला, एवढंच मला माहीत होतं. कुठे गेला ते घरात कुणी बोलत नसे. बाबांनी सांगितलं, की टायर बघायला गणू इथे खाली उतरला आणि मुंबईकडून आलेल्या गाडीने त्याला उडवलं. गाडी थांबली नाही. बाबांनी त्याला उचलून केबिनमध्ये ठेवलं आणि ट्रेलर घेऊनच दवाखान्यात गेले.

“त्याला पोचवला तवा जेनं मडका फोडला तो दगुड मी घरान ठेवला,” बाबा म्हणाले. “धा दिस. त्यान जीव असतो म्हनतात. रोज पानी दिला त्याला. घरान कोन मोठ्यानं बोलला नाय. धाव्याला खारीत सोडला. त्या बायनं सोडला नाय, जाग्यावर उभा केला. येवराच फरक हाय, माधुरी. तो देव नव्हता. तो जीवखडा होता. जीवखड्यावर कोन नारल फोडतो काय?”

आमच्याकडे अंत्यसंस्काराच्या वेळी पाण्याचं मडकं फोडायला घेतलेला दगड दहा दिवस जपतात आणि मग खाडीत सोडतात, तो जीवखडा. मला हे काही नवीन नव्हतं. माझ्या वडिलांच्या वेळी मी स्वतः त्या दगडावर पाणी घातलंय, त्याला बाबा म्हणून हाक मारलीय. तरी इतके दिवस मला त्या काळ्या दगडाकडे बघून ते सुचलं नव्हतं.

“पोराचा हेतू वायट नव्हता, ते खरा,” बाबा पुढे म्हणाले. “पन चूक हाय. नाय म्हनू नका. आन् ती माझी पन हाय. ट्रेलर हितं आला का मी टेप बंद करायचो. हॉर्न वाजवायचो नाय. पोरगा बाजूला बसलेला असायचा. त्याला मी शिंग्रोबाचा पैसा शिकवला, पलस्पा शिकवला नाय.”

घाटात आम्ही गेलोच नाही. घरी पोचल्यावर अवधूतनी मला अंगणात बोलावून सांगितलं, की ही फिल्म ते दाखवणार नाहीत आणि कोर्टातही देणार नाहीत. बापाच्या तोंडून ‘चूक आहे’ आलं की तो कबुलीजबाब झाला, मग हेतूबितू काही उरत नाही. एवढं बोलून त्यांनी फिल्म माझ्या मोबाइलवर पाठवली. ठेवायची की पुसायची ते तुम्ही ठरवा म्हणाले.

त्या संध्याकाळी मी बाबांशी भांडले. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा. मी म्हटलं, तुमच्या खरेपणापायी माझा नवरा तुरुंगात जाईल. तिथे त्याला कुणी नाही, भाषा येत नाही, थंडी आहे. एक नाणं टाकून दोन शब्द बोलला असतात तर काय बिघडलं असतं? मला मेलेल्याचं काही पडलेलं नाही, मला माझा माणूस घरी हवाय. मी हे सगळं बोलले आणि त्यातलं एक अक्षर मला आजही मागे घ्यावंसं वाटत नाही. बाबांनी ऐकून घेतलं.

“नवरा तुझा हाय,” ते म्हणाले. “तू नको बोललीस तर ती फिलम कोनालाच नाय पाठवायची.”

म्हणजे चेंडू माझ्या अंगणात. दुसऱ्या दिवशी ऑफिसात माझं लक्ष लागेना. जेवणाच्या सुट्टीत मी ती झलक पुन्हा लावली. किती वेळा बघितली असेल कोण जाणे. प्रत्येक वेळी मी निकेशकडे बघत असे, तो बारीक झालाय का, हसतोय तो खरा का. त्या दिवशी मी त्याच्यावर बोट ठेवून तो झाकला आणि नुसता दगड बघितला. दगडाच्या खांद्याभोवती लोकरीचा मफलर गुंडाळलेला होता. घरी विणलेला, एका टोकाला टाका चुकलेला. थंडी म्हणून कुणीतरी तो गुंडाळला होता. गुलाल नीट लावता यावा म्हणून निकेशने तो एका हाताने बाजूला सारला होता.

मी डब्याला झाकण लावलं आणि बाबांची फिल्म निकेशला पाठवली. कोर्टाला नाही, वकीलबाईंनाही नाही, त्याला. खाली लिहिलं, काय करायचं ते तू ठरव, मी भांडणार नाही.

त्याचा फोन रात्री आला. तो नाक ओढत होता. मी सर्दी झालीय का विचारलं, तर नाही म्हणाला.

“पळस्प्याला बाबा टेप बंद करायचे,” तो म्हणाला. “मला वाटायचं, गर्दी असते म्हणून. मी लगेच चालू करायचो गं. ते पुन्हा बंद करायचे, मी पुन्हा चालू करायचो. मला तो खेळ वाटायचा.”

सुनावणीत त्याने गुन्हा कबूल केला. वकीलबाईंनी शेवटपर्यंत नको म्हणून सांगितलं होतं, अवधूतनीही. तो उभा राहिला आणि म्हणाला, की मी मान द्यायलाच गेलो होतो, पण मान कुणाला देतोय हे मी विचारलं नाही, आणि विचारायला कुणी नव्हतं असंही नाही, खाली गाव होतं. मग दुभाष्यासाठी थांबत थांबत त्याने गणूकाकाबद्दल सांगितलं. कोर्टात मुलाची आई पहिल्या बाकावर बसली होती. तिने एकदाही त्याच्याकडे बघितलं नाही, असं वकीलबाईंनी मला कळवलं. मी मनातल्या मनात तिला नको ते बोलले. दुसऱ्या दिवशी देवासमोर कान पकडले.

तिथे अशा खटल्यात ज्याचं मन दुखावलंय त्याला काय हवं ते न्यायाधीश विचारतात. त्या बाईने एकच मागितलं. त्याने लावलंय, त्यानेच काढावं. गुलाल लावल्यावर गावकऱ्यांनी घाईघाईत पाण्याने धुतला होता आणि तो रंग कोरीव रेघांमध्ये आणखीच मुरला होता. डोळ्यांच्या कडा, ओठ, भुवया, सगळं लाल झालं होतं. न्यायाधीशांनी दंड केला, कैद केली नाही, पण तो चेहरा पहिल्यासारखा झाला असं मुलाच्या आईने सांगेपर्यंत पासपोर्ट मिळणार नाही असं ठरवलं. म्हणजे माझ्या नवऱ्याचं घरी येणं आता त्या बाईच्या मान हलवण्यावर होतं.

निकेश रोज त्या वळणावर जायला लागला. साबण झाला, सोडा झाला, दात घासायचा ब्रश झाला. साबणाने फेस लाल व्हायचा आणि वाळल्यावर रंग पुन्हा तिथल्या तिथे. दुपारी ती यायची, पेल्यातलं शिळं ओतून ताजं भरायची, मफलर सारखा करायची, चेहरा बघायची, नकाराची मान हलवायची आणि जायची. शब्द नाही. तो मला फोनवर म्हणायचा, ती ओरडली असती तर बरं झालं असतं. आमच्या घरातल्या आरडाओरड्यात वाढलेल्या माणसाला आता कुणीतरी ओरडावं असं वाटत होतं.

मग एका दुपारी त्याने त्या वळणावरून व्हिडिओ कॉल केला. मला नाही, आईंना. आमच्याकडे संध्याकाळ व्हायला आली होती. मी फोन टेबलावर तांब्याला टेकवून ठेवला. त्याने विचारलं, “आई, गुलाल कशानं निघतो?”

इतक्या दिवसांत आईंना कुणी काही विचारलंच नव्हतं. वकील झाले, चॅनेल झालं, फिल्म झाली, आणि जिने आयुष्यभर पालखीहून आलेल्या पोरांची तोंडं घासली तिला कुणी विचारलं नाही. त्या ताठ बसल्या.

“पानी लावलास ना?” त्या म्हणाल्या. “पैला पानी लावतात काय, गाढवा? पैला खोबरेल. कापसावर घे आन् नुस्ता ठेव. घासू नको. खोबरेल जिरू दे, मंग रंग वरती येतो. आमी तुजा तोंड कसा पुसायचो?”

खोबरेल त्याच्याकडे होतं. आईंनीच बॅगेत घातलेली केसांच्या तेलाची बाटली, थंडीने गोठून पांढरी झालेली. त्याने ती काखेत धरून पातळ केली. कापूस नव्हता, म्हणून स्वतःच्या बनियनचा तुकडा फाडला. फोन त्याने बाकावर पेल्याला टेकवून ठेवला होता, त्यामुळे आम्हाला दगड पूर्ण दिसत होता. तेवढ्यात ती बाई आली. काळा कोट, डोक्याला रुमाल, आईंच्याच वयाची. फोनमध्ये परकी बाई दिसल्यावर ती थबकली.

आईंना तिची भाषा येत नव्हती आणि तिला आईंची. आईंनी इकडेतिकडे बघितलं आणि शेजारी बसलेल्या बाबांचं डोकं धरून पुढे ओढलं. बोटांवर तेल घेतलं आणि त्यांच्या कपाळावरून, भुवयांवरून, डोळ्यांच्या कडेने हळूहळू फिरवून दाखवलं. बाबा डोळे मिटून बसून राहिले. एरवी मी हसले असते.

त्या बाईने ते सगळं नीट बघितलं. मग निकेशच्या हातातला तुकडा आणि बाटली काढून घेतली, गुडघ्यांवर बसली आणि मुलाच्या तोंडाला तेल लावायला लागली. कपाळापासून. डोळ्यांशी आल्यावर तिने तुकडा टाकून दिला आणि नुसत्या बोटाने पुसायला लागली. तेल जिरायला वेळ द्यायचा हे तिला सांगावं लागलं नाही. ती त्याच्याशी काहीतरी बोलत होती, बारीक आवाजात, पोराला न्हाऊ घालताना आपण बोलतो तसं. रंग वर आला. तिने कोटाच्या बाहीने तो टिपून घेतला. हनुवटीशी, टवका उडाला होता तिथे, ती थांबली. तिथे पुसण्यासारखं काही नव्हतं, तरी तिने तिथेही तेल लावलं.

बाबांनी उठून पंखा बंद केला. गल्लीत कुणाच्यातरी हळदीचा बेंजो चालू होता, म्हणून खिडकीही लावली. आम्ही तिघं त्या फोनसमोर बसून राहिलो.

शेवटी बाबा म्हणाले, “त्याचा नाव इचार, निकेश.”

निकेशने खुणेने विचारलं. कागदांवर ते नाव होतंच, तोवर मला ते पाठही झालं होतं. पण बाबांना ते तिच्याकडून हवं होतं. ती वळली, फोनमधल्या बाबांच्या तेलकट तोंडाकडे बघितलं.

“इलिया,” ती म्हणाली.

बाबांनी भिंतीवरचा फोटो काढला, त्याचा हार बाजूला केला आणि तो फोनसमोर धरला. “गनू,” ते म्हणाले. ती फोटोकडे बघत राहिली आणि मग तिने मान हलवली. नकाराची नव्हे.

निकेश घरी आला तेव्हा ‘घाटवळण’ बंद झालं होतं. अवधूतनी दुसरं काहीतरी बघू म्हटलंय, बघू. आईंनी त्याला दारात ओवाळलं, पण फटाके आणायला निघालेल्या पोरांना परत पाठवलं. हनुवटीचा टवका तसाच आहे, असं तो म्हणाला. दुसरा दगड करून देतो म्हणून त्याने विचारलं होतं, तर तिने नको म्हटलं. हाच तिचा.

परवा आम्हा सगळ्यांना पेणला माझ्या माहेरच्या लग्नाला जायचं होतं. गाडी निकेश चालवत होता, बाबा पुढे, मी आणि आई मागे. रेडिओ चालू होता. पळस्पे फाटा आला तशी निकेशने गाडी हळू केली आणि रेडिओ बंद केला. मागून ट्रेलरवाला हॉर्न मारत होता, त्याला मारू दिलं. कण्हेरीशी आल्यावर त्याने रस्त्यावरची नजर न काढता विचारलं, “काका कसा होता, बाबा?”

बाबा खिडकीतून बाहेर बघत होते. मग त्यांनी सांगायला सुरुवात केली. गणूला पोहता कसं यायचं नाही, तो ट्रेलरच्या टपावर झोपायचा कसा, लग्नासाठी पोरगी बघायला गेला तेव्हा बूट कुणाचे घातले होते. कधी न बोलणारा माणूस कर्नाळा गेला तरी बोलतच होता. पेण येईपर्यंत रेडिओला कुणी हात लावला नाही.